मांजर पाळणारा बाप्या

मराठीत मांजर नपुंसकलिंगी आहे. ते मांजर. कुत्रा मात्र घरात शिरतो तोच पुल्लिंगी होऊन. व्याकरणाने मांजराला असं तटस्थ ठेवलं असलं, तरी बोलताना आपण त्याला लगेच बाईमाणसांत नेऊन बसवतो. हाक मारायची तर मनी, लाडात आलो की मनीमाऊ, आणि नातं सांगायचं तर वाघाची मावशी. वाघ आणि मांजर यांची जनुकं २०१३ मध्ये ताडून पाहिली गेली तेव्हा ती ९५.६ टक्के सारखी निघाली. तरी महाराष्ट्रात वाघ टी-शर्टवर, पोस्टरवर आणि भाषणांत मर्दपणा मिरवत हिंडतो, आणि त्याच्याच कुळातलं मांजर चुलीपाशी मावशी होऊन राहतं. त्याला पुरुष करायची पाळी येते ती चोरी किंवा लबाडी सांगायची असली की. शिंकं तुटतं तेव्हा फावतं ते बोक्याचं, आणि सत्तेच्या लोण्यावर डोळा ठेवून बसलेले पुढारी तेही बोकेच. अशा भाषेत वाढलेल्या लोकांना एखादा मिशीवाला, पन्नाशीचा बाप्या म्हणाला की ‘मला मांजरांबरोबर राहायला आवडतं’, तर ऐकणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटतं. त्याने घरी जर्मन शेफर्ड असल्याचं सांगितलं असतं तर ते उमटलं नसतं. मांजर पाळण्यात काही शौर्य नाही, आणि त्यावर कुणी हसलं म्हणून फारसं बिघडतही नाही. तरीही ते हसू कुठून येतं हे बघायला हवं. माझ्या मते त्यात मांजराचा संबंध नाममात्र आहे. खरा प्रश्न पुरुषाने कुणाशी कोणत्या पायरीवरून वागावं, हा आहे.

हे हसू आपल्याकडचंच आहे असंही नाही. लोरी कोगन आणि शेली वोल्शे या अमेरिकन संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १८ ते २४ वर्षांच्या १,३८८ तरुणींसमोर त्यांनी दोन तरुणांचे फोटो ठेवले. काही फोटोंत तरुण एकटा, काहींत त्याच तरुणाच्या हातात मांजर. मांजर हातात आलं की तोच माणूस तरुणींना कमी मर्दानी वाटला, जास्त हळवा आणि घाबरट वाटला, शिवाय जास्त मनमिळाऊ आणि मोकळ्या मनाचाही वाटला. एका तरुणाच्या बाबतीत, त्याच्याबरोबर सहज फिरायला जाऊ म्हणणाऱ्या ३८ टक्के होत्या, त्या मांजर आल्यावर ३३ टक्क्यांवर आल्या. मांजरामुळे पोरांची लग्नं अडणार असा सूर मग जगभरच्या वर्तमानपत्रांनी लावला, पण फरक आहे शंभरात पाचाचा. मला आकड्यापेक्षा विशेषणांची जोडी महत्त्वाची वाटते. मनमिळाऊपणा वाढला आणि मर्दपणा घटला. म्हणजे एका खात्यात जमा केलं की दुसऱ्यातून तेवढं वजा. पुरुषाच्या चांगुलपणाचा असा हिशेब मांजराने मांडलेला नाही. तो आधीपासून मांडलेला होता, मांजर फक्त फोटोत येऊन बसलं.

हा हिशेब कुणी मांडला याचा एक माग इंग्लंड-अमेरिकेत सापडतो. चेटकीण आणि तिचं काळं मांजर ही युरोपातली जुनी जोडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्त्रिया मताचा अधिकार मागू लागल्या तेव्हा त्यांची टिंगल करणारी पोस्टकार्डं छापली गेली, आणि त्यांत मांजरं पुन्हा हजर झाली. बायका मत मागतात म्हणजे मांजरी मत मागतात, हा एक विनोद. बायको सभेला गेली आणि नवरा घरात रडणारं मूल आणि मांजर घेऊन बसला, हा दुसरा. दुसऱ्या विनोदात बिचाऱ्या नवऱ्याने काहीच केलेलं नाही. तो मांजराजवळ बसलाय एवढंच. (ब्रिटिश सरकारने १९१३ मध्ये उपोषण करणाऱ्या स्त्री-कैद्यांना अशक्त झाल्यावर सोडायचं आणि सुधारल्या की पुन्हा पकडायचं असा कायदा केला, तेव्हा लोकांनी त्याला ‘मांजर-उंदीर कायदा’ म्हटलं, आणि स्त्रियांनी काढलेल्या पोस्टरवर मात्र सरकार हा अगडबंब बोका होता. बोका म्हटला की लबाडी आणि क्रौर्य, हे त्यांच्याकडेही तसंच.) ही गोष्ट शिळी झालेली नाही. अमेरिकन राजकारणी जे. डी. व्हान्स यांनी २०२१ मध्ये आपल्या राजकीय विरोधकांना मूलबाळ नसलेल्या मांजरवाल्या बायका म्हणून हिणवलं, आणि २०२४ च्या निवडणुकीत टेलर स्विफ्टने तेच बिरुद आपल्या सहीखाली लावलं. म्हणजे मांजरवाल्या पुरुषाला मिळणारी टोपी मुळात बाईच्या मापाने शिवलेली आहे. त्याला हसणारा माणूस त्याला बाई म्हणतो आहे, आणि बाई म्हणणं ही शिवी आहे असं गृहीत धरतो आहे.

पण जिथे पुरुषांचंच राज्य होतं तिथे मांजर होतंच ना, असं कुणी विचारेल, आणि बरोबर विचारेल. जहाजांवर होतं. दोरखंड आणि धान्य उंदरांपासून वाचवायला मांजर लागे, आणि उंदरांसाठी आणलेलं मांजर हळूहळू कुणातरी खलाशाचं होऊन जाई. यांग्त्से नदीत १९४९ मध्ये तोफगोळ्याने जखमी झालेला ब्रिटिश युद्धनौकेवरचा सायमन हा प्राण्यांना दिलं जाणारं डिकिन पदक मिळवणारा एकमेव मांजरवंशीय. त्याहून मला बोलकी वाटते ती अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनच्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजावरच्या मांजराची गोष्ट. जहाजाचा सुतार हॅरी मॅकनिश याच्या मागे मागे हे मांजर सारखं फिरे, म्हणून खलाशांनी त्याचं नाव ठेवलं ‘मिसेस चिपी’, सुताराची बायको. पुढे कळलं की तो बोका आहे. नाव तेच राहिलं. अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात १९१५ मध्ये जहाज अडकून चिरडलं तेव्हा शॅकल्टनने त्याला आणि काही कुत्र्यांना गोळी घालायला लावली. त्या परिस्थितीत तो निर्णय चुकीचा होता असं म्हणणं सोपं नाही. मॅकनिशने मात्र शेवटपर्यंत त्याला माफ केलं नाही. वेलिंग्टनच्या करोरी दफनभूमीत त्याच्या कबरीवर २००४ मध्ये ब्राँझचं मांजर बसवलं गेलं. ज्याने शॅकल्टनने सुटकेसाठी वापरलेली छोटी होडी प्रवासाला सज्ज केली आणि माणसं वाचवायला हातभार लावला, त्या कणखर सुताराच्या मर्दपणाला त्या बोक्याने धक्का लावला, असं म्हणायची हिंमत कुणी करेल का? तरी त्याच्या मांजरप्रेमावर विनोद करायला खलाशांना सापडलेला शब्द ‘बायको’च होता.

इस्तंबूलमध्ये हा विनोदही लागत नाही. ‘केदी’ हा २०१६ चा माहितीपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल: मासेमार, दुकानदार, गोदीवरची माणसं मांजरांना भरवतात, दुखलं-खुपलं तर डॉक्टरकडे नेतात, आणि कुणी त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. तिथे मशिदीच्या अंगणातल्या मांजराला हाकलत नाहीत. प्रेषितांच्या एका जवळच्या सोबत्याचं नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिल्लाचा बाप, असं पडलं होतं. आपल्याकडेही भुसार मालाच्या दुकानात गोणीवर पसरलेलं मांजर आणि त्याला दुपारी डब्यातली चपाती दुधात कुस्करून देणारे शेठ यांत कुणाला विसंगती दिसत नाही, कारण ते मांजर ‘कामाला’ आहे. तेच शेठ रात्री घरी मांजर मांडीवर घेऊन बसले की हसू येतं. मांजर कामाचं असेल तर चालतं. नुसतं आवडत असेल तर पुरुषाला कारण द्यावं लागतं.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. झुरिकमध्ये डेनिस टर्नर यांनी मांजर आणि माणूस यांच्या वागण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. क्लॉडिया मर्टेन्स यांच्याबरोबर १९८८ मध्ये त्यांनी केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसं आणि मांजरं एका खोलीत सोडली होती. माणसाला काही न करता बसायला सांगितलं तेव्हा मांजरांनी बाई-पुरुष असा भेद केला नाही. हवं ते करायची मुभा दिल्यावर फरक दिसला, आणि तो माणसांच्या बाजूने आला: स्त्रिया आणि मुली जमिनीवर उतरल्या, पुरुष बहुतेक करून खुर्चीवर बसून राहिले. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०११ मध्ये घरोघरी केलेल्या चित्रीकरणातही मांजरं मालकिणींकडे जास्त येतात असं निघालं. हा पुरावा माझ्याविरुद्ध जातो असं वरवर वाटेल: बघा, मांजराची जोडी बाईशीच. मला त्यातून उलट दिसतं. टर्नर यांचंच आणखी एक निरीक्षण आहे की भेट मांजराने सुरू केली तर ती जास्त वेळ टिकते, आणि मांजराला हवं तेव्हा जो माणूस प्रतिसाद देतो त्याला मांजरही पुढे प्रतिसाद देतं. म्हणजे अट लिंगाची नाहीच, खुर्चीची आहे. मराठी माणसाला खुर्ची म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. जो खाली उतरेल, हात पुढे करून थांबेल, आणि ‘आत्ता नको’ हे उत्तर निमूट ऐकून घेईल, त्याच्याजवळ मांजर येतं. पुरुषाला हे येत नाही असं नव्हे. त्याला ते करताना कुणी बघू नये अशी शिकवण मिळालेली असते.

कुत्रेप्रेमी इथे रागावतील. कुत्रा म्हणजे गुलाम नव्हे, आणि कुत्रा पाळणारा प्रत्येक पुरुष हुकूमशहा नव्हे, हे मान्यच. पण कुत्र्याबरोबरच्या नात्यात ‘बस’, ‘ऊठ’, ‘आण’ हे शब्द चारचौघांत मोठ्याने उच्चारता येतात, आणि ते पाळले गेले की पाहणाऱ्याला मालक दिसतो. मांजराबरोबर असा देखावा करता येत नाही. म्हणूनच ‘मांजर स्वार्थी, त्याला घराची ओढ, माणसाची नाही’ हा आक्षेप इतका लोकप्रिय आहे. जे हुकूम ऐकत नाही त्याला प्रेम नाही, असं समजणं सोयीचं जातं. पुरावा तसा नाही. क्रिस्टिन व्हिटाले यांच्या २०१९ च्या अभ्यासात सुमारे ६४ टक्के पिल्लं माणसाशी सुरक्षित ओढीने बांधलेली आढळली. तान्ह्या मुलांबद्दलचे आकडेही याच आसपास असतात. जपानमधल्या अत्सुको साइतो यांनी दाखवलं की मांजराला आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखू येतं. ऐकू येतं, कळतं, आणि तरी ते दरवेळी उठत नाही. घरातल्या कोणत्याही प्रौढ माणसाला आपण ही मोकळीक देतो, किंवा निदान द्यायला हवी.

मांजरवाला पुरुष माणसांना टाळतो, हा आणखी एक शेरा. असे पुरुष असतील. कुत्रा, पुस्तकं आणि ऑफिस यांच्या आड लपणारेही आहेत. पण सीरियातल्या अलेप्पो शहरात बॉम्ब पडत असताना पळून गेलेल्या कुटुंबांची मागे राहिलेली मांजरं सांभाळणारा मोहम्मद अला अल-जलील हा अँब्युलन्स चालवत होता. जखमी माणसांना उचलून नेणं आणि मांजरांना खाऊ घालणं यांत त्याला निवड करावी लागली नाही.

मोकळी हिंडणारी मांजरं पक्षी मारतात हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर नसबंदी करून मांजर घरात ठेवणं हेच आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो आणि गरोदर स्त्रीला त्याचा धोका असतो, हेही खरं. पण त्यातले जंतू बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून डॉक्टर सांगतात की ट्रे रोज साफ करा, आणि बाई गरोदर असेल तर तो दुसऱ्या कुणी साफ करावा. हा दुसरा कोण, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आणि इथेच मांजरप्रेमी पुरुषालाही एक प्रश्न विचारायला हवा. मांडीवरचं मांजर तुमचं, आणि शी-शूचा ट्रे, माशांची मुंडकी उकडणं, लसीची तारीख, सोफ्यावरचे केस बायकोचे किंवा कामवाल्या मावशींचे, अशी वाटणी असेल तर खुर्चीवरून उतरल्याचं काही खरं नाही. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये इंग्रजीचा गाजलेला शब्दकोश रचणाऱ्या सॅम्युअल जॉन्सनने हॉज नावाचा बोका पाळला होता. त्याच्यासाठी कालवं आणायला जॉन्सन स्वतः बाजारात जाई. नोकरांना तो त्रास पडला तर ते मुक्या जनावरावर राग काढतील, असं कारण त्याचा चरित्रकार बॉसवेल याने नोंदवलं आहे. जॉन्सनच्या स्नेही हेस्टर पिओझी सांगतात की जमैकात गुलामीत जन्मलेला त्याचा नोकर फ्रान्सिस बार्बर याला एका चतुष्पादाची सेवा करायला लावून त्याचा मान दुखवू नये म्हणून. कारण यातलं कोणतंही धरा, पिशवी जॉन्सनच्या हातात होती. लंडनच्या गॉफ चौकात त्याच्या घरासमोर १९९७ पासून ब्राँझचा हॉज बसलेला आहे, खाली जाडजूड शब्दकोश, आणि बाजूला कालवांचे रिकामे शिंपले.