थंड असताना द्रव, शरीरात जेल

तूप थंडीत थिजते आणि उबेत पातळ होते. औषधोपचारात येऊ लागलेली काही हायड्रोजेल नेमकी उलटी वागतात. थंड असताना ती द्रव असतात आणि शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला घट्ट होतात. त्यामुळे सुईतून किंवा बारीक नळीतून ती हव्या त्या जागी पोहोचवता येतात.

पोलोक्झॅमर हे अशा जेलमध्ये वापरले जाणारे एक बहुवारिक. गारव्यात त्याचे रेणू पाण्यात मिसळून राहतात. ऊब मिळताच रेणूच्या साखळीचा मधला भाग पाणी टाळू लागतो, रेणूंचे सूक्ष्म गोळे बनतात आणि ते दाटीने रचले गेले की जेल तयार होते.

या गुणधर्माचा मोठा उपयोग मूत्रमार्गाच्या कर्करोगात झाला. मूत्र सतत वाहत असल्याने पाण्यासारखे औषध तेथे टिकत नाही. जेल मात्र काही तास राहून हळूहळू विरघळते. मायटोमायसिन हे जुनेच औषध अशा जेलमधून देण्यास अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये मान्यता दिली. मूत्रपिंडाच्या आतील पोकळीतील व मूत्रवाहिनीतील कमी तीव्रतेच्या गाठींसाठी हा उपचार आहे. ७१ रुग्णांच्या चाचणीत निम्म्याहून अधिक जणांच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या. अशा आजारात मूत्रपिंडच काढावे लागण्याची वेळ येऊ शकते, म्हणून हे यश मोलाचे. मात्र ४० टक्क्यांहून अधिक रुग्णांची मूत्रवाहिनी अरुंद झाली.

खरा वाद २०२५ मध्ये झाला. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी याच तंत्राचा प्रस्ताव आला तेव्हा एफडीएच्या सल्लागार समितीने ५ विरुद्ध ४ मतांनी प्रतिकूल कौल दिला. जूनमध्ये एफडीएने तरीही मान्यता दिली. चाचणीत तीन महिन्यांनी ७८ टक्के रुग्णांत गाठ उरली नव्हती. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. हा प्रकार सहसा जीवघेणा नसतो. तो पुन्हा पुन्हा उद्भवतो आणि दर वेळी दुर्बिणीतून गाठ काढावी लागते. म्हणून जेलमुळे शस्त्रक्रियांची संख्या किती घटते आणि त्यासाठी कोणते दुष्परिणाम सोसावे लागतात, हे कळणे महत्त्वाचे आहे. त्याचे ठोस उत्तर तुलनात्मक चाचण्याच देऊ शकतात. औषध योग्य जागी टिकवण्याचे काम जेलने केले आहे. तेवढ्यावरून नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा ते सरस ठरत नाही.