जुना कायदा मरत नाही

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घालणारा जुना कायदा पुन्हा लागू करता येईल, असा. हा कायदा कधीचा? १८६४ चा! तेव्हा ॲरिझोना हे राज्यही नव्हते आणि तिथल्या बाईला मतही नव्हते. १९७३ च्या ‘रो’ खटल्याच्या निकालाने तो निष्प्रभ झाला होता, पण पुस्तकातून कुणी काढून टाकला नव्हता. २०२२ मध्ये ‘रो’ निकाल फिरवला गेला आणि दीडशे वर्षांपूर्वीचे कलम उठून बसले. पुढे काही आठवड्यांत विधिमंडळाने ते रद्द केले खरे, पण आपल्यासाठी प्रश्न उरतोच : मिळवलेला हक्क परत कसा जातो?

अमेरिकेच्या राजकीय वाटचालीचा अर्थ लावणारे अभ्यासक याची वेगवेगळी उत्तरे देतात. लुई हार्ट्झ यांनी १९५५ मध्ये मांडले की त्या देशाचा पाया एकच, उदारमतवादाचा. ही मांडणी ऐकायला गोड आहे. तिच्यात गुलामी आणि स्त्रीचे दुय्यमत्व हे अपवाद ठरतात, कधीतरी दुरुस्त होणारे. रॉजर्स स्मिथ यांनी १९९३ मध्ये हे खोडून काढले. वंश आणि लिंग यांवरची उतरंड हीसुद्धा तिथली स्वतंत्र, जोमदार परंपराच आहे, असे ते म्हणाले. कॅरेन ऑरेन आणि स्टीफन स्कोव्रोनेक यांनी २००४ च्या पुस्तकात आणखी पुढचे सांगितले. राज्यव्यवस्था एका वेळी एका सुरात चालत नाही. निरनिराळ्या काळांत घडलेल्या संस्था आणि नियम एकाच वेळी शेजारी शेजारी नांदतात आणि एकमेकांवर आदळतात. मला हीच मांडणी पटते, कारण ती बाईच्या आयुष्याशी ताडून पाहता येते.

घरकाम करणारी अमेरिकन बाई घ्या. त्या काळी या कामात काळ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला, त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. त्याच वर्षी संघटनेचा हक्क देणारा कायदा आला, त्यातूनही वगळले. म्हातारपणच्या पेन्शनसाठी नियमित काम करणाऱ्या घरकामगारांना १९५० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले, किमान वेतनासाठी १९७४ पर्यंत. संघटनेच्या त्या कायद्याबाहेर त्या आजही आहेत. बाई एकच, पण तिच्यावर तीन वेगवेगळ्या काळांचे राज्य!

आणि १९७४ च्या दुरुस्तीत काय झाले? आजारी-वृद्धांची ‘सोबत’ करणाऱ्यांना पुन्हा वगळले. बाईने केलेली सेवा म्हणजे काम नव्हे, ही जुनी समजूत नव्या कायद्याच्या पोटात शिरली.

काही मैत्रिणी म्हणतील, मग काहीच बदलत नाही का? तसे नाही. १९६८ मध्ये अटलांटात डोरोथी बोल्डेन यांनी घरकामगार बायांची संघटना उभी केली. काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या पहिल्या काळ्या स्त्री शर्ली चिझम किमान वेतनासाठी तिथे भांडल्या. त्यांची आई स्वतः घरकाम करायची. बदल झाला, तो बायांनी रेटला म्हणून झाला. काळाच्या ओघात आपोआप झाला नाही.

म्हणून नवा कायदा आला की हारतुरे घालून घरी परतणे आपल्याला परवडणार नाही. दोन प्रश्न विचारायलाच हवेत. यातून कोण वगळले गेले? आणि जुना कायदा रद्द झाला, की नुसता झोपवला?

झोपलेला कायदा जागा होतो. त्या वेळी आपण झोपलेल्या असता कामा नये.