घोटा बांधला की गुडघा भरडतो

फौजेतून निवृत्त होऊन मेढ्याला आलो, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईची पोरं घेऊन बामणोलीहून लाँचने वासोट्याला जातो. निम्म्याअधिक पोरांच्या पायात हल्ली घोट्याच्या वर येणारे महागडे बूट असतात. हे घातले की पाय मुरगळत नाही, असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलेलं असतं. मला ते पटत नाही.

उतारावर बघा. ज्या पायावर भार असतो, त्याची नडगी पावलावर पुढे झुकायला हवी. कडक कॉलर तिला झुकू देत नाही. मग टाच लवकर उचलली जाते, चवडे बाहेर वळतात, पोरगं फेंगडं चालायला लागतं. घोट्याने जिरवायचा धक्का गुडघ्यावर येतो. खाली येईपर्यंत घोटा शाबूत असतो, पण पोरगं गुडघा चोळत बसलेलं असतं.

आणि मुरगळणं तरी थांबतं का? अमेरिकेत १९९३ साली ६२२ बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि बुटके बूट वाटून देऊन दुखापती मोजल्या, तर ठळक फरक दिसला नाही. वजनाची गोष्ट वेगळीच. पायातलं ओझं पाठीवरच्या ओझ्यापेक्षा चार ते सहा पट महाग पडतं, हे लष्करासाठी काम करणाऱ्या संशोधकांनी १९६९ सालीच मोजून ठेवलंय.

आमच्या वाड्यांवरच्या बाया डोक्यावर गवताचा भारा घेऊन रबरी चपलेवर घसारा उतरतात. पावलं आखूड, गुडघे सैल. उगाच कौतुक करत नाही, त्यांचेही पाय मुरगळतात. हळदीचा लेप लावून दुसऱ्या दिवशी त्या कामावर जातात आणि त्याची नोंद कुठे होत नाही, एवढंच.

उंच बूट कुचकामी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. नोकरीत आम्ही तेच घालत होतो, कारण पाठीवर पिट्टू असायचा. दगड-काट्यांपासून घोटा वाचतो, हेही खरं. पण ज्याचा घोटा आधी एकदा मुरगळलाय, त्याला कॉलरपेक्षा डॉक्टरने दिलेला घोट्याचा पट्टा जास्त उपयोगी. त्याने भिंतीजवळ एका पायावर उभं राहून तोल धरायचा रोजचा सराव करावा. पाऊल कलतंय हे वेळेत ओळखून सावरणारे स्नायू त्यानेच तयार होतात, बूट ते काम शिकवत नाही.

बाकीच्यांनी पैसे सोलच्या पकडीवर घालावेत. दुकानात सपाट फरशीवर चालून बूट घेऊ नका, जिना उतरून बघा. अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा मागा. उंच बूट घेऊन बसलाच असाल, तर उतार लागला की पावलावरची लेस आवळा आणि वरचे दोन हूक सोडून द्या.