रविवार, द्वादशी आणि समुद्र

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजले की ऑफिसात एकच प्रश्न फिरायला लागतो. ‘वीकेण्डला काय?’ कुणीतरी हमखास म्हणतो, ‘गोवा करूया यार!’ सगळे ‘डन’ म्हणतात. मग रजा, बुकिंग, बजेट असे एकेक स्पीडब्रेकर येतात आणि रविवारी दुपारी आपण घरातच वरणभात खाऊन आडवे होतो. आपलं कॉलेजपासूनचं गोवा अजून व्हायचंच आहे.

दोस्तहो, आपला घोळ असा, की आपण समुद्राचं फार मोठं प्रकरण करून ठेवलंय. समुद्र म्हणजे लाँग वीकेण्ड, रिसॉर्ट आणि दोन रात्री, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. इंग्रजांकडे बघा. लंडन ते ब्रायटन रेल्वे १८४१ मध्ये सुरू झाली आणि सकाळी निघून संध्याकाळी घरी परतण्याचा समुद्र साध्या लंडनकरांच्या आवाक्यात आला. नोव्हेंबरातही लोक ओव्हरकोट, मफलर घालून तिथे जातात. पाण्यात उतरायचा प्रश्नच नसतो. गार वारा खात चालायचं, गरमागरम चिप्स खायचे आणि अंधार पडला की परतीची गाडी धरायची. बिचाऱ्यांना हिवाळ्यातला समुद्र सोसावा लागतो. आपल्याकडे उलट आहे. मेमध्ये वाळूवर पाय भाजतात, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, ऑक्टोबरात घामाच्या धारा. दिवाळी उलटली की मात्र ऊन मऊ होतं, पाणी निवतं, लांबून आलेले पाहुणे कुरव पक्षी किनाऱ्यावर उतरतात. आपला समुद्राचा खरा सीझन हाच. आणि आपण तो घरी झोपून काढतो!

‘पण विठ्ठलवाडीहून समुद्र कुठला?’ बरोबर आहे. आमच्या स्टेशनजवळचं पाणी म्हणजे वालधुनी, आणि तिच्याबद्दल जेवढं कमी बोलावं तेवढं बरं. पण गंमत ऐका. ही वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते आणि उल्हासचं पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात जातं. म्हणजे आपलं सांडपाणी न चुकता समुद्रावर जातं. आपणच जात नाही.

आपण जायचं तर रूट सोपा आहे. सकाळची स्लो लोकल पकडायची आणि कोपरला उतरायचं. तिथल्या वरच्या प्लॅटफॉर्मवर दिवा-वसई गाडी येते. भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र करत ती वसई रोडला नेऊन सोडते. या गाड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे टाइमटेबल आदल्या रात्रीच बघा. पुढे विरार गाठायचं आणि डहाणू लोकल धरायची. ही लोकल २०१३ मध्ये सुरू झाली. वैतरणेचा पूल, मग सफाळे, मग केळवे रोड. स्टेशनाबाहेरून रिक्षाने केळवे गाव. रोज लोकलमध्ये एका पायावर उभं राहणाऱ्याला रविवारी सकाळी विंडो सीट मिळते, हे सुख वेगळंच!

केळव्याला काय आहे? लांबलचक किनारा, सुरूची दाट बनं, शितलादेवीचं देऊळ, पानवेलींच्या वाड्या. दांडा खाडीच्या तोंडाशी छोटासा पाणकोट. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी हा सगळा किनारा पोर्तुगीजांकडून घेतला. वसई त्याच वर्षी मेमध्ये पडली. डिस्को, बनाना राइड वगैरेची अपेक्षा घेऊन येणार असाल तर केळवं तुमच्यासाठी नाही. चालायला, बसायला आणि गप्प राहायला मात्र बेस्ट.

मी गेल्या हिवाळ्यात आई-बाबांना घेऊन गेले. बाबांनी एकतीस वर्षं विठ्ठलवाडी ते व्हीटी अपडाऊन केलं. एवढ्या वर्षांत समुद्र पाहिला तो मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून, तोही पाहुण्यांना दाखवायला. आता गुडघे कुरकुरतात, जिना म्हटलं की कपाळाला आठी पडते. ओहोटीनंतरची ओली वाळू मात्र डांबरी रस्त्यासारखी घट्ट असते. बाबा चपला हातात घेऊन चालायला लागले ते दिसेनासे होईपर्यंत. परत आले तेव्हा पँट घोट्यापर्यंत भिजलेली. म्हणाले, ‘हे एवढं जवळ होतं?’ मला त्यावर काही उत्तर सुचलं नाही. आपण ‘सेटल झालो की आईबाबांना फिरवू’ म्हणतो ना, तेव्हा त्यांचे गुडघे आपल्यासाठी थांबत नाहीत, एवढंच कळलं.

आता खरा फंडा. समुद्रावर जायचा दिवस हवामान बघून नाही, तिथी बघून ठरवायचा. कोकणातले जुने लोक वापरतात तो हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे साधारण सहा तासांनी, बाराला, ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, अडीचच्या आसपास ओहोटी. विठ्ठलवाडीकरांना एकादशी सोयीची खरी, पण त्या दिवशी आई मासे खाऊ देणार नाही! म्हणून द्वादशीचा रविवार शोधा. नऊला भरती, तीनला ओहोटी. तुम्ही जेवून उठता तेव्हा समुद्राने किनारा मोकळा करून ठेवलेला असतो. मग पाणी हळूहळू परतायला लागतं आणि सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. हा हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावातल्या माणसाला विचारून घ्याच.

हे विचारणं केवळ सोयीसाठी नाही. २०२२ च्या मार्चमध्ये याच केळव्याच्या समुद्रात चार मुलं बुडाली. वरून शांत दिसणारं पाणी ओहोटीला आत ओढतं, भरतीला मागच्या खळग्यातून गुपचूप भरतं आणि आपण पुढेच बघत राहतो. त्यामुळे नियम दोन. पाणी गुडघ्यापर्यंत, त्यापुढे नाही. आणि पाणकोटाकडे जायचं तर कोळीवाड्यात वेळ विचारून जायचं, पाणी वळायच्या आत परतायचं. सेल्फी किनाऱ्यावरही छान येतो.

बॅगेत काय? टोपी, पाण्याची बाटली, एक जादा कपड्यांचा जोड, चपला ठेवायला पिशवी आणि वाऱ्यासाठी एखादी शाल, कारण सूर्य गेला की सुरूच्या बनात चक्क गारवा येतो. कचरा परत आणायलाही एक पिशवी घ्या. आपल्या वालधुनीने आधीच पुरेसं पाठवलंय. जेवण आधी सांगून ठेवलं तर गावातल्या घरगुती खानावळीत ताजी मच्छी मिळते. परतताना विरारला उतरून आगाशीचं भुजिंग चाखायचं असेल तर शेवटच्या दिवा गाडीची वेळ आधी बघा, नाहीतर दादरमार्गे लांबचा फेरा!

सोमवारी सकाळी पायाच्या बोटांत थोडी वाळू निघेल आणि कॅन्टीनमध्ये कुणीतरी पुन्हा म्हणेल, ‘गोवा करूया यार.’ करा की, नक्की करा. पण त्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि फेब्रुवारीपर्यंत द्वादशी कुठल्या रविवारी येतेय ते बघा. तोपर्यंत बाबांच्या गुडघ्याला तेल चोळून ठेवा.