‘स्टेज टू आहे भाऊ, असंच चालणार’

हे वाक्य मी चार महिन्यांत तीन गॅरेजमध्ये ऐकलं. एकदा हिंदीत, एकदा मराठीत आणि एकदा वापीच्या बाजूला गुजरातीत, शेवटी ‘चालसे’ लावून. माझं भांडण या वाक्याशी आहे.

गाडी २०१२ची पेट्रोल स्विफ्ट, सेकंडहँड. मी झरीचा. कंपनीतल्या शिफ्टच्या पगारातून घेतली आणि वर्षभरात तिच्यावर हेडर, कोन फिल्टर आणि रिमॅप चढवला. त्यानंतर सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरायची. आरपीएमचा काटा सातशे-आठशेवर टिकायचा नाही, खाली जायचा, झटका खाऊन वर यायचा. आरशातला मागचा ट्रक हलताना दिसायचा. मित्र म्हणाले, काय भारी आवाज आहे! मी रील टाकलं. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा भारीच वाटलं.

हा आवाज आपण उसना आणलाय. अमेरिकन व्ही-एट गाड्यांमध्ये मोठा कॅमशाफ्ट टाकतात. त्यात इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. इंजिन वेगात असताना त्याचा फायदा होतो. आयडलला मात्र जळालेला वायू परत इनटेकमध्ये शिरतो, व्हॅक्यूम पडतो आणि इंजिन अडखळतं. म्हणजे ते अडखळणं ही ताकदीसाठी मोजलेली किंमत असते, ताकद नव्हे. व्हॅली रनला धावपट्टीवर गाड्या पळतात तेव्हा हातात वेळेची चिठ्ठी मिळते. स्टार्ट लाइनवर गाडी किती थरथरली याचे मार्क कुणी देत नाही.

आणि माझ्या गाडीचा कॅमशाफ्ट कंपनीचाच होता! त्याला कुणी हातही लावला नव्हता. मग ‘असंच चालणार’ हे कशाच्या जोरावर?

पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला. कोड आला पी-०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. कोड वाचला आणि पार्ट बदलायला सुरुवात झाली. इंजेक्टर साफ केले, फ्युएल पंप बदलला. दुसऱ्या गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला, प्लग बदलले. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं, मग तेच. कोड हा तक्रारीचा कागद असतो, निकाल नसतो, एवढं साधं कुणी सांगितलं नाही. बिलं मात्र व्यवस्थित छापलेली.

आमच्याकडे चिकूच्या वाडीवर डिझेल इंजिनचा पंप दुरुस्त करणारे एक आजोबा होते. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला. अर्धा तास काही खोलायचे नाहीत, नुसतं ऐकायचे. वाडीचा मालक वैतागायचा. पण एकदा पाना हातात घेतला की एकच नट सैल व्हायचा, तोच लागायचा. त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता म्हणून ते शहाणे होते असं मी म्हणत नाही. स्कॅनर हवाच. पण स्कॅनर बघून विचार थांबतो, तिथे माझा आक्षेप आहे.

शेवटी ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर घेतला, फोनला जोडला आणि स्वतः बसलो. फ्युएल ट्रिम आयडलला अधिक वीसच्या वर. एक्सिलरेटर दाबून अडीच हजारांवर धरलं की जवळपास शून्य. याचा साधा अर्थ कुठूनतरी चोरटी हवा येतेय. आयडलला ती जाणवते, वेगात तिचा हिस्सा नगण्य होतो. बहुतेकांची नजर इथे इनटेकच्या पाइपांकडे जाते. मीही सगळे पाइप तपासले, काही नाही. मग प्लग काढले. काळे, काजळीने भरलेले.

इथे थांबा. कॉम्प्युटर म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, प्लग म्हणतात पेट्रोल जास्त झालंय. दोघांपैकी एक फसलाय. प्लग तर सिलिंडरच्या आत बसलेला असतो. फसणार तो एक्झॉस्टमधला सेन्सर. त्याच्या आधी जोडात गळती असेल, तर वायूच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, प्लग काजळतात, इंजिन अडखळतं. नवा सेन्सर टाकून काय होणार? तोही तेच बघणार.

गार इंजिन. सायलेन्सरच्या तोंडाला धूळ उडवायचा ब्लोअर लावला, चिंध्यांनी बुजवला. हेडर जिथे हेडला बसतो तिथे साबणाचं पाणी टाकलं. तिसऱ्या सिलिंडरच्या खाली बुडबुडे. फ्लँज वाकडी होती आणि बसवणाऱ्याने जुनंच गॅस्केट परत वापरलं होतं. फ्लँज सपाट करून घेतली, नवं गॅस्केट टाकलं. काटा जागेवर.

एवढ्यावर ही गोष्ट गमतीची राहिली असती. पण त्या चार महिन्यांत आई गाडीत बसली की तिचं डोकं दुखायचं. अच्छाडच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिलो की जास्त. आम्ही म्हणायचो, ऊन आहे, एसी सोसत नाही. त्या जोडातून निघणारा धूर बॉनेटखाली साठत होता आणि केबिनची हवा काचेखालच्या जाळीतून तिथूनच येते. जास्त पेट्रोल म्हणजे जास्त कार्बन मोनॉक्साइड, त्याला रंग नाही की वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं त्यामुळेच दुखत होतं हे मी सिद्ध करू शकत नाही. गॅस्केट बदलल्यापासून दुखलेलं नाही, एवढं सांगतो.

त्यात माझाही हात आहे. हेडर लावताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तो मी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. हे मला माहीत होतं. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आयडललाही मोजतात, हेही माहीत होतं. कन्व्हर्टर परत बसवलाय. रील काढून टाकलं.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या गॅरेजवाल्याला बुडबुड्यांचा व्हिडिओ दाखवला. त्याने दोनदा पाहिला. मग म्हणाला, “भाऊ, ब्लोअर कितीला घेतला?”