पेठेचेही दप्तर हवे

मुरुडला येणारा प्रवासी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसतो, जंजिऱ्याच्या दरवाजाशी उतरतो, कलाल बांगडी तोफेजवळ उभा राहून छायाचित्र काढून घेतो, आणि परतीच्या वाटेवर मुरुडच्या बाजारपेठेतून जाताना वाहनांच्या कोंडीबद्दल कुरकुर करण्यापलीकडे त्या पेठेची दखल घेत नाही. यात प्रवाशाचा दोष थोडाच आहे. कारण ज्या इमारतींना खुद्द गावाने कधी इतिहासाचा मान दिला नाही, त्यांना तो परक्याने द्यावा अशी अपेक्षा करणे न्यायाचे होणार नाही. किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि त्याचा एक चिराही परवानगीवाचून हलवता येत नाही. परंतु किल्ल्यातील सत्ता ज्या व्यापाराच्या आणि जकातीच्या बळावर पोसली गेली, त्या व्यापाराची घरे आठ दिवसांत जमीनदोस्त होतात, आणि ती कोणी, केव्हा, कोणत्या धंद्याच्या कमाईतून उभारली हे सांगणारा एक कागदही मागे उरत नाही. राज्यकर्त्यांच्या वास्तू म्हणजे इतिहास आणि दुकानदारांच्या वास्तू म्हणजे अडगळ, हा जो समज आपल्याकडे रूढ झाला आहे, तो मुळातच चुकीचा आहे, आणि मुरुडपुरते बोलायचे तर तो दुरुस्त करण्याची वेळ हातातून निसटत चालली आहे.

मुरुडची पेठ वाढली ती राजधानीच्या आश्रयाने. जंजिरा संस्थानच्या सिद्दी नवाबांचा कारभार पाण्यातल्या कोटातून किनाऱ्यावर स्थिरावला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८७९ मध्ये गादीवर आलेल्या नवाब सर सिद्दी अहमदखान यांच्या दीर्घ कारकीर्दीत, १८८५ च्या सुमारास, गावाच्या उत्तरेला समुद्राकडे तोंड करून राजवाडा उभा राहिला, संस्थानच्या कचेऱ्या भरू लागल्या, आणि नवाबांचे नाव आजही धारण करणारे सर एस. ए. हायस्कूल पुढे गावाच्या शिक्षणाचे केंद्र झाले. जेथे कचेरी असते तेथे अर्जदार येतो. अर्जदाराला वकील लागतो, मुद्रांक लागतो, दोन वेळचे जेवण आणि रात्रीपुरते अंथरूण लागते. आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडून आलेला हा अर्जदार परत जाताना घरासाठी लुगडे, मीठ, तेल आणि लोखंडी सामान घेऊन जातो. अशा रीतीने राजधानीच्या कारभाराने पेठेला गिऱ्हाईक दिले, आणि बंदराने तिला माल दिला. गलबते आणि मचवे सुपारी, नारळ, सुकी मासळी आणि जंगलातले सरपण घेऊन मुंबईला जात, आणि येताना कापड, साखर, घासलेट व मंगलोरी कौले घेऊन येत.

या पेठेचा संसार एका जातीचा किंवा एका धर्माचा नव्हता. कोकणी मुसलमान, गुजराती वाणी, सोनार, शिंपी, कासार, सुपारीच्या वाड्या राखणारे माळी, टोपली घेऊन बसणाऱ्या कोळणी आणि ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत ते बेने इस्रायल, या सर्वांचा हिशेब एकाच रस्त्यावर चुकता होत असे. बेने इस्रायल समाजातील शालोम बापूजी इस्रायल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानचे कारभारीपद सांभाळले, एवढ्या एका गोष्टीवरूनही त्या संमिश्र समाजाची घडण ध्यानात यावी. इस्रायल राष्ट्राच्या स्थापनेनंतर या समाजाची बहुतेक कुटुंबे किनारपट्टी सोडून गेली. त्यांची माणसे गेली, परंतु ज्या ओट्यांवर बसून त्यांनी व्यवहार केला, त्या ओट्यांसारखी साक्ष दुसऱ्या कोणत्या ग्रंथात सापडणार?

कोकणच्या पेठेतील जुने दुकान नीट पाहिले तर ते किती विचारपूर्वक बांधलेले असते हे कळून येते. रस्त्याकडची जागा मोलाची, म्हणून दर्शनी रुंदी आठ-दहा हात आणि मागची खोली मात्र पार वाडीच्या विहिरीपर्यंत. पुढे गिऱ्हाइकाने टेकायचा ओटा, त्यामागे मालकाची गादी आणि गल्ला, त्याच्याही मागे काळोखे, थंड कोठार, वर धान्याचा व सुपारीचा माळा, आणि त्यावर किंवा त्यालगत लाकडी कठड्याच्या सज्ज्यासह कुटुंबाचे राहते बिऱ्हाड. भिंती जांभ्याच्या, चुन्यात बसविलेल्या. छप्पर आधी नळीच्या कौलांचे आणि पुढे मंगलोरी कौलांचे, ज्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास काढला होता. दुकान बंद करायचे ते फळ्यांनी: उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खोबण पाडलेली, तिच्यात एकेक फळी उभी सरकवायची, प्रत्येक फळीवर तिचा क्रमांक खोदलेला किंवा रंगविलेला, आणि क्रमांक चुकला की शेवटची फळी बसायची नाही, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते ते प्रत्येक फळीत सारखे फुगत नाही. शेवटच्या फळीवरून लोखंडी पट्टी आडवी टाकून कुलूप लावले की दुकान बंद झाले. सकाळी उतरविलेल्या फळ्या बाजूला रचून ठेवल्या की सारी दर्शनी भिंतच नाहीशी होत असे, आणि दुकान व रस्ता यांच्यामध्ये ओट्यावाचून दुसरी हद्द उरत नसे. उधारी, बातमी, सोयरीक आणि भांडण या सर्वांना लागणारी जागा त्या रचनेतच होती. आजच्या काचेच्या दारामागे ती नाही.

१९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजधानीचे मुरुड तालुक्याचे गाव झाले. पाठोपाठ नवे कायदे आले: १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने शेर-पायलीची सद्दी संपविली, १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या पितळी मापाने तांदूळ मोजणाऱ्या हाताला किलो शिकावा लागला. याच सुमारास पेठांच्या चेहऱ्यात एक पालट झाला, ज्याकडे अभ्यासकांचेही लक्ष क्वचितच जाते. मुंबईत १९३०–४० च्या दशकांत मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस गोलाई दिलेल्या कोपऱ्यांच्या, सलग छज्ज्यांच्या ज्या इमारती झाल्या, आणि ज्यांना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांचे साधे, ग्रामीण अनुकरण किनाऱ्यावरच्या पेठांतून होऊ लागले. मागे कौलारू उतार तसाच ठेवून रस्त्याच्या बाजूस सिमेंटची सरळ भिंत चढवायची, तिच्या माथ्याला कमान किंवा पायऱ्या द्यायच्या, मधोमध गिलाव्याच्या उठावदार अक्षरांत घराण्याचे अथवा दुकानाचे नाव आणि बांधकामाचे साल घालायचे, आणि आत रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या बसवायच्या. अशा लाद्यांचा देशी कारखाना भारत टाइल्सच्या सिधवा बंधूंनी १९२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, उरणला, सुरू केला होता. सिमेंट त्या काळी सरकारी नियंत्रणाखाली, परवान्यावर मिळे, आणि हे नियंत्रण १९८२ पर्यंत सैल झाले नाही. म्हणून या इमारती अर्ध्या जांभ्याच्या आणि अर्ध्या काँक्रीटच्या झाल्या. परवान्याच्या गोण्या जेथवर पुरल्या तेथवर नवे युग आले, असेच त्यांच्याकडे पाहून म्हणावे लागते.

या पेठा पुढची काही दशके टिकल्या त्या कोणी जपल्या म्हणून नव्हे, तर त्यांच्याकडे पैसा आला नाही म्हणून. रेल्वे रोह्याहून पुढे गेली ती किनाऱ्यापासून दूर, डोंगराच्या पलीकडून. अलिबागला जायचे तर रेवदंड्याची खाडी आडवी होती, आणि साळावचा पूल होईपर्यंत तरीची वाट पाहणे चुकले नाही. पूल झाला, काशीदच्या किनाऱ्याची कीर्ती पसरली, आखातातून कमाई येऊ लागली, आणि जे काम दारिद्र्याने रोखून धरले होते ते सुबत्तेने झपाट्याने उरकले. त्यात ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आले. त्या एका दुपारी वाड्यांतील सुपारी-नारळाची झाडे आडवी झाली, घराघरांवरची कौले उडाली, आणि पावसाळा तोंडावर असताना ज्याला जे मिळाले ते त्याने छपरावर घातले. कौलांच्या जागी पत्रे आले ते निकडीने आले, त्याबद्दल कोणालाही बोल लावता येणार नाही. परंतु एकदा गेलेली कौले परत आली नाहीत, हेही खरे.

हा क्रम केवळ आपल्याच नशिबी आहे असे नाही. अमेरिकेच्या लहान शहरांतील मुख्य रस्त्यांचा गेल्या शतकातील इतिहास आपल्या पेठांशी कमालीचा जुळतो. १९३५ मध्ये तेथील एका काच कंपनीच्या पुरस्काराने जुन्या दुकानांना आधुनिक मुखवटा देण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरविण्यात आली; दुसऱ्या महायुद्धानंतर विटांच्या आणि बिडाच्या कोरीव दर्शनी भागांवर ॲल्युमिनियमचे पत्रे चढविण्याची लाटच आली, कारण जुने दिसणे म्हणजे मागासलेले दिसणे अशी दुकानदारांची समजूत झाली होती. १९५६ मध्ये महामार्गांचा मोठा कायदा झाला, त्याच वर्षी मिनेसोटा राज्यात व्हिक्टर ग्रूएन यांनी आखलेले साउथडेल हे पहिले बंदिस्त, वातानुकूलित व्यापारसंकुल उघडले, आणि गिऱ्हाईक मोटारीत बसून गावाबाहेर निघून गेले. पत्रे चढवूनही गिऱ्हाईक थांबले नाही, हा या इतिहासातील मुख्य धडा आहे. पुढे १९७७ मध्ये तेथील राष्ट्रीय वारसा न्यासाने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान गावांत प्रयोग आरंभिला, आणि त्यांचा उपाय अगदी साधा होता: पत्रे उतरवा, मूळ भिंत दुरुस्त करा, पाट्या आवरा, आणि हे सर्व दुकानदारांना बरोबर घेऊन, थोड्या खर्चात करा. त्यातूनच १९८० मध्ये देशव्यापी उपक्रम उभा राहिला.

आज आपल्या पेठांत तोच पत्रा नव्या नावाने आला आहे. एसीपी शीट म्हणून ओळखला जाणारा हा चकचकीत तक्ता लोखंडी अगर ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर बसवितात; सांगाड्याचे स्क्रू सागाच्या जुन्या तुळयांत घुसतात, शीट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत कोकणचा पाऊस शिरतो तो आतच राहतो, खारी हवा लोखंड खाते, आणि चार-पाच पावसाळ्यांत आतले लाकूड कुजू लागते. बाहेरून मात्र सर्व काही नवेच दिसते, म्हणून मालकाला पत्ता लागतो तो तुळई खचल्यावर. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही गावात उतरले तरी एकाच लाल-निळ्या शीटवर एकाच कंपनीच्या मोबाइलची जाहिरात दिसावी, हा विकास नव्हे, ही विस्मृती आहे.

जुनी पेठ जपण्यावर जे आक्षेप घेतले जातात ते बिनबुडाचे नाहीत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जेथे भाडी गोठली, तेथे महिन्याचे भाडे एका कौलाच्या किमतीइतकेही उरले नाही, आणि असा मालक दुरुस्ती करणार कशाने? मिळकत पत्रिकेवर पंधरा वारसांची नावे, त्यांतले निम्मे मुंबईत, काही परदेशात. सह्या गोळा होण्याआधी भिंत पडते. अरुंद रस्त्यावर सुटीच्या दिवशी रुग्णवाहिका अडते, हेही नाकारता येत नाही. परंतु या अडचणींतून निघणारा निष्कर्ष ‘पाडा’ हा नसून ‘मदत करा’ हा आहे. कोंडी होते ती दुकानांमुळे नव्हे, तर गावाबाहेर थांबायला हवीत अशी वाहने पेठेत शिरल्यामुळे. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग आणि आगरदांडा-दिघी पूल यांच्यामुळे ही वाहतूक वाढणारच आहे. ती पेठेबाहेरून न्यायची की पेठ फोडून, याचा निर्णय आत्ता झाला नाही तर तो रुंदीकरणाचा नकाशा करून टाकील.

काय करता येईल, हे फार अवघड नाही. पहिले काम नोंदीचे. १८८३ चे कुलाबा आणि जंजिऱ्याचे गॅझेटियर किंवा १९६४ चे कुलाबा जिल्ह्याचे सुधारलेले गॅझेटियर यांचे प्रयोजन दुकानवार यादी देणे हे नव्हते. ती यादी नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या आकारणी नोंदवह्या, नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, घरोघरची खरेदीखते व गहाणखते आणि वृद्ध व्यापाऱ्यांच्या आठवणी यांतून तयार होईल, आणि गावातील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी एका उन्हाळ्यात तिचा पाया घालू शकतील. दुसरे, मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली आणि डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा वास्तूंसाठी तरतूद आहे. तिचा आधार घेऊन नगरपरिषदेने निवडक इमारतींची यादी करावी, आणि जो मालक कौल, लाकूड व जांभा राखून दुरुस्ती करील त्याला घरपट्टीत सवलत द्यावी. तिसरे काम तर कोणत्याही ठरावाची वाट न पाहता होण्याजोगे आहे: २०२२ च्या कायदेदुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झालीच आहे, तर त्या पाटीच्या कोपऱ्यात इमारतीचे साल आणि मूळ धंदा एवढ्या दोनच गोष्टी लिहाव्यात.

सर्वच जुने जपावे असे माझे म्हणणे नाही. कुजलेली तुळई डोक्यावर घेऊन इतिहास सांभाळण्याचा उपदेश मी कोणाला करणार नाही. पण पाडण्यापूर्वी मोजमाप घ्यावे, छायाचित्र घ्यावे, साल लिहून ठेवावे, एवढे तरी आपण आपल्या आजोबा-पणजोबांच्या धंद्याचे देणे लागतो. नगरपरिषदेने हा ठराव येत्या सभेत आणावा. आणि ती तो आणीपर्यंत पेठेतील प्रत्येक दुकानदाराने आपल्या घरातील जुनी ट्रंक उघडून पहिले खरेदीखत शोधून काढावे.