पानांचा हिशेब आणि माणसांचा विसर



"परवाना आहे ना? मग हरकत काय?" अमेरिकेतल्या गांजाच्या कायदेशीर दुकानांचा विषय निघाला की आपल्या तरुणांकडून हा प्रश्न हमखास येतो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "ते लोक बिघडलेले, आपल्याला काय त्याचे?" दोन्ही बोलणी आम्हाला मान्य नाहीत. पहिल्यात विवेकाचे काम सरकारी कागदावर सोपवले आहे आणि दुसऱ्यात शेजाऱ्याकडे पाठ फिरवली आहे.

आधी तिकडचे नियम नीट पाहू, कारण न वाचता टीका करणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. कोलोराडो राज्याच्या मतदारांनी २०१२ साली गांजाला मान्यता दिली आणि १ जानेवारी २०१४ पासून दुकाने उघडली. तिथे परवानाधारकाच्या प्रत्येक झाडाला बिल्ला लागतो. रोपापासून गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत माल कुठे गेला, वजन किती भरले, याची नोंद सरकारी संगणकात होते. दुकानातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण ४० दिवस जपून ठेवावे लागते. २१ वर्षांखालच्या कोणालाही विक्री नाही. खाण्याच्या पदार्थात नशेच्या घटकाचे प्रमाण एका वाट्याला १० मिलिग्रॅम आणि एका पाकिटात १०० मिलिग्रॅम, याहून जास्त चालत नाही. माणूस, प्राणी किंवा फळ यांच्या आकाराच्या गोळ्या विकायला १ ऑक्टोबर २०१७ पासून बंदी आहे, कारण लेकरे त्यांना खाऊ समजून तोंडात टाकतात.

हे नियम चांगले आहेत, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. एका जरी बाळाचा जीव त्यामुळे वाचत असेल तर तो नियम करणाऱ्याचे भले होवो.

पण मत्तयच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय आठवा. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश परुशी काटेकोरपणे मोजून देत होते. प्रभू येशूने त्यांच्या मोजण्याला दोष दिला नाही. न्याय, दया आणि विश्वास या भारी गोष्टी त्यांनी सोडून दिल्या, हा त्याचा आरोप होता. हे करायचे आणि तेही सोडायचे नाही, अशी त्याची मागणी होती. पानापानाचा हिशेब ठेवणाऱ्या आजच्या सरकारांना आणि व्यापाऱ्यांना आमचे हेच विचारणे आहे. तुमच्या वहीत झाड आहे, वजन आहे, कर आहे. माणूस कुठे आहे?

पैशाचेच बघा. कोलोराडोत दुकान शाळेपासून हजार फूट दूर असावे असा मूळ नियम आहे, स्थानिक प्रशासनाला तो बदलता येतो. आणि गांजावरच्या अबकारी करातले दरवर्षीचे पहिले चार कोटी डॉलर शाळांच्या बांधकामाला द्यावेत, हेही मतदारांनी २०१२ सालीच ठरवले. म्हणजे दुकान शाळेपासून लांब आणि पैसा शाळेच्या भिंतीत! ज्या व्यसनाला आळा घालायचा, त्याच्याच विक्रीवर ज्याची तिजोरी भरते, तो राखणदार किती जागा राहील? यहूदाची तीस नाणी मंदिराच्या भांडारात टाकायला त्या मुख्य याजकांचाही हात कचरला होता.

न्यूयॉर्कने २०२१ च्या कायद्यानंतर एक धाडसी गोष्ट केली. गांजाच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दुकानांचे पहिले परवाने द्यायचे ठरवले. ज्यांचे नुकसान झाले त्यांची भरपाई आधी, हा विचार जक्कयच्या घरात शोभेल असा. पण झाले काय? ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने हे परवाने कित्येक महिने अडकले. ज्यांनी जागा भाड्याने घेतल्या होत्या ते भाडे भरत बसले आणि शहरात शेकडो विनापरवाना दुकाने बिनधास्त चालू राहिली. न्याय कागदावर उतरला, पण गरिबाच्या दारी पोहोचेपर्यंत धापा टाकू लागला.

त्याच कायद्यात शाळेपासून ५०० फूट आणि प्रार्थनास्थळापासून २०० फूट अंतर ठेवण्याची अट आहे. पुष्कळ भाविकांना तेवढ्याने समाधान वाटते. आम्हाला ती अट लाजिरवाणी वाटते. दुकान दोनशे फुटांवर गेले म्हणजे चर्चची जबाबदारीही दोनशे फुटांवर संपली काय? चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजकानेही अंतर राखलेच होते. तो दुसऱ्या बाजूने निघून गेला.

आता "आपल्याला काय त्याचे" म्हणणाऱ्यांसाठी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून आपल्या मध्य प्रदेशात भांगेची दुकाने सरकारी परवान्यावर चालतात. वीस किलोपेक्षा जास्त गांजा सापडला तर मात्र दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी. एकाच झाडाची पाने विकणारा ठेकेदार आणि शेंडे वाहून नेणारा कैदी! कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे आम्हाला कळते. पण देवाने पाप-पुण्याची सीमा देठापाशी आखलेली नाही.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींनाही हे सांगितले पाहिजे. राज्याचा परवाना असला तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची बंदी आहेच. नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसाने अशा परवानाधारक दुकानात नोकरी केली असेल, तर ती त्याच्या अर्जाच्या आड येऊ शकते, असे तिथल्या नागरिकत्व खात्याने २०१९ मध्ये स्पष्ट केले. "परवाना आहे ना" हे वाक्य तिथल्या व्यवहारातसुद्धा पुरे पडत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण सरळ आहे. उपचाराची खरी गरज सोडून अमली पदार्थ घेणे हा गंभीर अपराध आहे. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये बजावले की वापर मोकळा करून व्यसन कमी होत नाही. त्याच वेळी त्यांनी व्यसनी माणसाकडे देवाचे लेकरू म्हणून बघायला सांगितले. पहिले वाक्य आपण मोठ्याने म्हणतो. दुसऱ्याच्या वेळी आपला आवाज बसतो. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला डॉक्टरने दिलेले औषध आपल्याला खटकत नाही, हे ठीक. पण व्यसनात अडकलेल्या मुलाच्या आईला चर्चमध्ये शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसावे लागते, ते आपल्याला खटकते का?

म्हणून आमचे सांगणे असे. नशेच्या धंद्यात गाळा, भांडवल किंवा नोकरी देण्याघेण्याची वेळ आली, तर परवाना बघून थांबू नका. यातून कोणाचे घर चालेल आणि कोणाचे बसेल, हे विचारा. उत्तर ठाऊक असेल तर नाही म्हणा, फायदा बुडाला तरी. आणि प्रत्येक धर्मग्रामात व्यसनी माणसाच्या घरी जाणारी दोन माणसे तरी असू द्या. सरकारने झाडाला क्रमांक दिला आहे. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. त्याची म्हणवणाऱ्या आपल्यालाही ती नावे पाठ असली पाहिजेत.